चार दिवस समुद्राची हवा

हडपसर, पुणे
६ जानेवारी २०२५

सुशीलाबाई विहीणबाईंना मथुराचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. सगळे आहेत आणि घरातच आहेत, हीच तर अडचण आहे.

फोन केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत आहे. ह्यांचं म्हणणं, कानाला लावला की कान तापतो. त्यामुळे मी बहिणीला पोट बिघडल्याचं सांगितलं की संध्याकाळी वॉचमन मला जिऱ्याचं पाणी घ्यायला सांगतो. मेसेज करावा तर विश्वजीतने माझा फोन माझ्या सोयीसाठी सगळ्या घराला जोडून ठेवलाय. म्हणून पत्र. तुम्ही मुख्याध्यापिका होतात, मी दहावीपर्यंत पोचलेली. चुका सापडतील त्या मनातल्या मनात सुधारून घ्या.

तर मला चार दिवस समुद्रावर यायचंय. गोव्याला नको, तिथं आमच्या सोसायटीतले निम्मे लोक भेटतील. अलिबागला नको, तिथं उरलेले निम्मे. उत्कर्षा नेहमी सांगते की गुहागरचा किनारा लांबच लांब आहे आणि शनिवार-रविवार सोडला तर त्यावर कुत्रंसुद्धा विचार करून येतं. मला असंच ठिकाण पाहिजे. सुरूच्या झाडाखाली चटई टाकायची आणि पडायचं. भूक लागली की उठायचं. कुणी काही दाखवायला न्यायचं नाही, कुणी फोटो काढायचा नाही. डॉक्टरांनीही गुडघ्यांना विश्रांती सांगितली आहे. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो आणि आमची लिफ्ट माझ्यापेक्षा जास्त सुट्ट्या घेते.

आता खरं सांगते. तुमची मुलगी आणि माझा मुलगा दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. फराळाला सगळी भावकी जमलेली असताना विश्वजीतने जाहीर केलं की आम्ही जर्मनीला चाललोय, कंपनीला होकार कळवला. त्या ‘आम्ही’मधली दुसरी व्यक्ती शेजारीच चकली खात होती. तिलाही तेव्हाच कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती चकली संपवून उठली, ती उठलीच. आता घरात मी दुभाषी आहे. ‘आई, त्याला सांगा गॅसवाला येणारे.’ ‘आई, तिला सांग मला कळलं.’ दोघांच्यात दोन हात अंतर असतं.

हे असंच चालू राहिलं तर हा संसार टिकत नाही. म्हणून मी असं ठरवलंय की फेब्रुवारीत उत्कर्षाला घेऊन तुमच्याकडे यायचं. तिलाही समुद्राची हवा लागेल. विश्वजीत मागून येईल. त्या दोघांना आधी काही सांगायचं नाही. कोणती तारीख तुम्हाला सोयीची ते कळवा. माझ्यासाठी काही विशेष करू नका.

आपली,
मथुरा

*

खालचा पाट, गुहागर
१४ जानेवारी २०२५

सौ. मथुराबाईंना सुशीलेचे नमस्कार.

पत्र पोहोचले. चुका फारशा नाहीत. विरामचिन्हे आपण पोळीवर तीळ पेरल्यासारखी पेरली आहेत, पण अर्थ कळतो.

गुहागरविषयी आपला काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. येथे पाहण्यासारखे काही नाही. किनारा लांब आहे हे खरे, परंतु तो सगळा एकसारखाच आहे, त्यामुळे थोडा पाहिला तरी पुरतो. वाळू सर्वत्र जाते. सुरूखाली पडायचे म्हणता, तर सुरूची बोंडे पाठीला टोचतात आणि वर बसलेले पक्षी कोणाचीही भीड ठेवत नाहीत. फेब्रुवारीत दुपारी वारा सुटतो. आपल्याला मोठ्या इमारतीत राहण्याची सवय; येथे संध्याकाळी वीज गेली की आम्ही फक्त एकमेकांची चौकशी करतो.

घराचे म्हणाल तर मी एकटी राहते आणि तेवढ्यापुरतेच ते सोयीचे आहे. पाहुण्यांच्या खोलीत सध्या सुपारी वाळते आहे. ती केव्हा वाळेल हे तिच्यावर अवलंबून. हवा खायचीच असेल तर ती पाचगणीलाही चांगली असते, पुण्याहून जवळ पडते आणि तेथे खुर्च्याही मिळतात.

मुलांच्या भानगडीत मोठ्यांनी पडू नये, असे मी पालकसभेत पस्तीस वर्षे सांगितले. तेव्हा कोणी ऐकले नाही, आता आपण तरी ऐका. उत्कर्षा तिच्या घरी आहे. तिने तेथेच राहावे.

सोबत तिळगूळ. गोड बोलायचे तेवढे वर बोलले आहेच.

कळावे,
सुशीला

*

हडपसर
२२ जानेवारी २०२५

सुशीलाबाई,

तिळगूळ मिळाला. पत्राला शोभेल इतका कडक होता. ह्यांची दाढ हलली, तेवढंच एक काम मार्गी लागलं.

आपल्या गावाची इतकी बदनामी करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. लोक नातेवाईकांना टाळायला आजारी पडतात, तुम्ही सबंध किनारा आजारी पाडलात. सुपारीवर मी झोपणार नाही, सुपारीशेजारी झोपेन. मला कॉटसुद्धा लागत नाही. जन्म शेतात गेलाय माझा, चौदावा मजला आत्ताचा.

इकडे एक घोटाळा झाला. तुमचं पाकीट ह्यांच्या हाती लागलं. पत्र नाही, नुसतं पाकीट. पण गुहागरचा शिक्का पुरे झाला. हे म्हणाले, “समुद्रावर जायचंय व्हय? मग एकटी कशाला, आपण समदेच जाऊ की. इहीणबाईंचं आंगण मोठं हाय.” संध्याकाळपर्यंत दोन गाड्या ठरल्या. ह्यांचे चुलतभाऊ रावसाहेब, त्यांचे दोन व्याही, पत्त्यांची चौकडी, मटणाचं मोठं पातेलं, पातेल्याला शेगडी आणि शेगडीला एक वेगळा माणूस. निवांत किनाऱ्यावर जाऊन तिथं हडपसर वसवायचं, हा ह्यांचा विश्रांतीचा अर्थ. रावसाहेबांनी तर विचारलं, तिथं पाण्याला बोअर हाय का. मी म्हटलं, समोर समुद्र आहे.

शेवटी मी जेवताना सहज बोलले की विहीणबाईंकडे महिनाभर कडक उपास चालू आहेत, अंगणात मांस-मच्छी चालत नाही, आणि पहाटे सगळ्यांना पाठांतराला बसवतात. दुसऱ्या दिवशी एकेकाला कामं निघाली. आता कुणीच येत नाही. माझ्यामुळे तुमचं नाव थोडं खराब झालंय, पण तुम्ही गुहागरचं केलंत त्यापुढे काहीच नाही.

तेव्हा पंधरा फेब्रुवारीच्या सुमारास मी आणि उत्कर्षा. तिची मोठी बॅग भरायला लागेल, थंडीचे कपडे तिकडे लागतात का तेवढं कळवा.

मथुरा

*

गुहागर
३० जानेवारी २०२५

मथुराबाई,

थंडीचे कपडे लागत नाहीत. मोठी बॅग लागते, हे मला ठाऊक आहे.

मी आता सरळ लिहिते, कारण आडून लिहिलेले आपण विनोद म्हणून वाचता. माझी थोरली बहीण लग्नानंतर तीन वर्षांनी येथे आली होती. तिच्या सासूबाई स्वतः घेऊन आल्या होत्या. फार प्रेमळ बाई. म्हणाल्या, पोरीला बरे वाटत नाही, चार दिवस समुद्राची हवा लागू दे, हिचा नवरा मागून येईल. आईने पुरणपोळ्या केल्या. सासूबाईंनी पोटभर खाल्ल्या, आग्रहाने आणखी मागितल्या. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच्या एस.टी.ने त्या एकट्या परत गेल्या. ताईची ट्रंक उघडली तेव्हा तिच्या लग्नातली भांडीसुद्धा तिच्यात होती. नवरा मागून आला नाही. ताई याच घरात म्हातारी झाली आणि ‘हवापालटाला आलेली’ हे तिचे गावातले नाव शेवटपर्यंत चिकटून राहिले. मी त्या वेळी सातवीत होते. तेव्हापासून मला समुद्राच्या हवेचे कौतुक नाही.

आपण पहिल्याच पत्रात लिहिलेत की संसार टिकत नाही, उत्कर्षाला घेऊन येते, विश्वजीत मागून येईल, तिला आधी सांगायचे नाही. शब्दसुद्धा तेच. नवे काही सुचले असते तर बरे झाले असते.

मुलगी परत करायची असेल तर पुण्याहून फोन करा, मी तिला न्यायला येईन. समोरच्या दाराने, दिवसाउजेडी, गाडी करून. पण सुट्टीचे सोंग करून माझ्या दारात तिला उतरवू नका. गुडघे दुखतात म्हणून तर मुळीच नको.

सुशीला

*

हडपसर
५ फेब्रुवारी २०२५

सुशीलाबाई,

तुमचं पत्र मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं. आमच्या घरात तेवढी एकच जागा स्पीकरवर नाही.

तुमच्या ताईंचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी महाबळेश्वर म्हटलं असतं. त्या सासूबाईंना मी काय म्हणाले ते लिहीत नाही, तुम्ही शिक्षिका आहात.

आता माझंही सरळ ऐका. मी उत्कर्षाला परत करायला येत नव्हते. ती जाऊ नये म्हणून येत होते. तुमच्या अंगणात, समुद्राशेजारी, इथल्या गर्दीपासून लांब दोघं समोरासमोर बसली तर बोलतील, असं मला वाटलं. मला ती जायला नको आहे. मुलाच्या संसारासाठी म्हणते असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण ते अर्धंच खरं आहे. मला ती माझ्यासाठी पाहिजे.

आमची इमारत आमच्याच रानात उभी आहे हे तुम्ही लग्नात पाहिलंत. रान बिल्डरला द्यायचं ठरलं ते मला कसं कळलं माहितीये? पेढे आले तेव्हा. मी पेढा खाल्ला. सगळे म्हणाले, मथुराचं नशीब उघडलं. त्या रानात मी वीस वर्षं पाणी धरलं होतं, सुशीलाबाई. कुणी म्हणजे कुणी मला एका शब्दाने विचारलं नाही. पुढे त्याबद्दल कधी कुणी बोललंही नाही. मग उत्कर्षा लग्न होऊन आली. एका रविवारी मला गच्चीवर घेऊन गेली आणि म्हणाली, आई, इथं खाली काय काय होतं ते दाखवा ना. मी हाताने दाखवत गेले. तिथं विहीर, तिथं लसणाचे वाफे, जिथं आता मुलांचा पोहायचा हौद आहे तिथं आंबा. ती ऐकत राहिली. खाली येताना मी लिफ्टमध्ये रडले आणि तिने लिफ्ट उगीचच दोनदा वर-खाली केली, घरी लगेच जायला नको म्हणून. मला मुलगी नाही. आता तुम्ही म्हणाल, तुमचीच घेतली. हो, घेतली. परत द्यायला जड जातंय.

आधी उत्कर्षा रोज खराडीच्या ऑफिसातून आली की पहिली भाकरी तव्यावरून उचलायची आणि उभ्या उभ्याच खायची. गेले तीन महिने येते, पर्स ठेवते आणि खोलीत जाते. मी तरी पहिली भाकरी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवते आणि मग हे ती खातात.

गुडघे मात्र खरंच दुखतात. त्याबद्दल खोटं बोलले नाही.

मथुरा

*

गुहागर
१२ फेब्रुवारी २०२५

मथुराबाई,

मी चुकले. हे वाक्य मी नोकरीत कोणाला लिहून दिलेले नाही, तेव्हा जपून ठेवा.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि नंतर ताईच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचले. शेजारच्या अवधूतची बायको दारात येऊन विचारून गेली, बाई बरे आहे ना. मी म्हटले, सर्दी झाली आहे. येथे स्पीकरची गरज पडत नाही.

सुपारी वाळून महिना झाला. खोली मोकळी आहे. वाऱ्याचे मी थोडे वाढवून लिहिले होते. सुरूची बोंडे मात्र टोचतात.

परंतु एक प्रश्न विचारते. रान देताना आपल्याला विचारले नाही. जर्मनीला जाताना उत्कर्षाला विचारले नाही. आणि आता तिला समुद्रावर आणायचे तर तारीख ठरली, बॅग ठरली, नवरा मागून केव्हा यायचा तेही ठरले. कपड्यांची चौकशी झाली. तिला विचारलेत का?

मीही विचारलेले नाही. मी तर परस्पर नकारही देऊन टाकला. दोघी नापास. आपण थोड्या जास्त, कारण आपला पेपर सोपा होता. ती आपल्या शेजारच्याच खोलीत असते.

सुशीला

*

हडपसर
२१ फेब्रुवारी २०२५

सुशीलाबाई,

तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलांची मला दया येते. चार दिवस तुमच्यावर चिडून होते. पाचव्या दिवशी विचारलं.

उत्कर्षा ऑफिसातून आली तशी मी तिला स्वयंपाकघरात थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं, पत्रांसकट. मला वाटलं भडकेल. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, “आई, मला यायचंय. पण माहेरी नाही. तिथं मी आले की गाव आधी माझी बॅग बघणार. आपण दोघी शेजारी अवधूतदादांकडे खोली घेऊ, पैसे देऊन, बाकीचे पर्यटक येतात तशा. आणि विश्वजीतला मागून बोलवायचं नाही.”

मी विचारलं, आणि तो आपणहून आला तर? ती म्हणाली, तर तो पहिल्यांदाच काहीतरी आपणहून करेल.

तेव्हा पाच मार्चला आम्ही अवधूतच्या ‘निवास व न्याहारी’मध्ये उतरतोय. तुमच्या अंगणापासून एका गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अंतरावर. तुम्हाला हे कसं लागेल ते मला समजतं. मी तिला तसं म्हटलंही. पण विचारायला तुम्हीच लावलंत. विचारलं की उत्तर आपल्या सोयीचं येत नाही, हे मला या वयात कळलं.

विश्वजीतला कळलंय. त्याने काही विचारलं नाही. सवय नाही.

मथुरा

*

गुहागर
२५ फेब्रुवारी २०२५

मथुराबाई,

माझी मुलगी माझ्या गावात येणार आणि शेजाऱ्याच्या खोलीत भाड्याने राहणार. फार छान. अवधूतच्या बायकोचे पोहे तेलकट असतात. तिची उशी दगडी असते. तिच्या आंघोळीच्या पाण्याला सकाळी साडेआठशिवाय चटका बसत नाही. आपल्याला निवांत सुट्टी हवी होती ना, ती तेथे भरपूर मिळेल.

मी गडग्याच्या या बाजूला राहते. काही लागले तर अवधूतकडे मागावे.

सुशीला

*

गुहागर
१८ मार्च २०२५

मथुराबाई,

आपण सोमवारी गेलात. त्यानंतर शिमगा आला, पालखी घरोघरी फिरली, आज गाव पुन्हा शांत झाले. म्हणून आता लिहिते.

पहिले दोन दिवस मी आपल्याशी बोलले नाही, याचे मला वाईट वाटत नाही. आपण दोघी सुरूखाली चटईवर आडव्या आणि मी माझ्या परसात उभी राहून वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा काढते आहे, हे खालच्या पाटातल्या सगळ्या लोकांनी पाहिले. आपण खरोखर काही करत नव्हतात. मी इतकी रिकामी माणसे शाळेत कोणत्याही सुट्टीत पाहिली नाहीत. उत्कर्षा सलग झोपत होती आणि आपण तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून बसला होतात. मुलीला तशी झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी माझी उशी काखेत मारून गडगा ओलांडला. आपण फक्त सरकून जागा दिलीत आणि म्हणालात, बोंडं टोचतात हे खरं आहे. तेवढ्यावर भागले, हे आपले उपकार.

आता जावईबापूंविषयी. शनिवारी ते एस.टी.ने उतरले तेव्हा मला वाटले, जिंकलो. दोघे पाण्याच्या कडेने चालत गेले ते दुपारी परतले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना, म्हणून मी कोकम सरबत केले. सरबत कोणी प्यायले नाही. आपण खोलीत होतात तेव्हा ते माझ्याकडे आले, पाया पडले आणि म्हणाले, “आई, मी आधीच विचारायला हवं होतं.”

मी म्हटले, अजूनही विचारता येईल.

ते म्हणाले, “आज विचारलं. ती नाही म्हणाली.”

हे मी तेव्हा आपल्याला सांगितले नाही. आपल्याला अजून एक दिवस सुट्टी होती, ती मोडवेना. आपल्याला एव्हाना कळलेच असेल. मुलगा चांगला आहे, मथुराबाई. विचारायला फार उशीर केला, इतकेच.

उत्कर्षा पुढे काय करणार ते मला सांगत नाही. खराडीत शेफाली नावाची मैत्रीण खोलीला सोबत शोधते आहे, एवढेच म्हणाली. मी तिची येथली खोली झाडून ठेवली आहे. रागावू नका. आई आहे, झाडणारच.

गडग्यापलीकडची आपली,
सुशीला

*

हडपसर
९ एप्रिल २०२५

सुशीलाबाई,

पत्राला उशीर झाला. घरात फार वर्दळ होती आणि मलाही लिहावंसं वाटत नव्हतं.

विश्वजीत पाडव्यानंतर चार दिवसांनी गेला. विमानतळावर ह्यांनी सगळी भावकी नेली होती. रावसाहेबांनी हार आणला होता. मुलगा सातासमुद्रापार निघाला आणि सून सोडायला आली आहे, पण जात नाही, हे चित्र कुणाच्या डोक्यात बसेना. चुलतसासूबाईंनी तिला विचारलं, तुझं तिकीट कधीचं गं. ती म्हणाली, माझं नाही काढलं. त्यांना वाटलं पैसे कमी पडले. दोघं एकमेकांशी चांगली बोलली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच मधे मी नव्हते. त्याने जाताना तिला काहीतरी विचारलं आणि ती हसली. काय ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. वर्षभराने बघू, असं दोघांचं ठरलंय म्हणे. मी घरी येऊन त्याच्या पलंगावर बसले आणि खूप रडले. माझाच मुलगा आहे तो.

त्यानंतर मी वाट बघत बसले. शेफालीच्या खोलीचं मला तुमच्या पत्रातून कळलं होतं. उत्कर्षा ती दोनदा बघूनही आली. ह्यांनी तर जेवताना सांगून टाकलं, “जाऊ दे तिला, नवरा न्हाय तर इथं काय करल पोरगी?” मी भात वाढला. मनात होतं की तिच्या दारात आडवं पडावं. पण तुम्ही मला नापास केल्यापासून मी शहाणी झालेय. तिचं तिला ठरवू दे म्हटलं आणि तोंड बंद ठेवलं. हे माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखलं. तिची मोठी बॅग माळ्यावरून खाली आलेली पाहिली तेव्हा तर मी मंडईत निघून गेले आणि नको तेवढी मेथी घेऊन आले.

काल संध्याकाळी मी ती मेथी निवडत बसले होते. उत्कर्षा आली, पर्स न ठेवताच माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, “आई, एक विचारायचं होतं. विश्वजीत नसला तरी मी इथंच राहिले तर चालेल तुम्हाला?”

चालेल तुम्हाला, असं म्हणाली. ह्यांना नाही, मला.

सुशीलाबाई, घर माझ्या रानावर उभं आहे, या माणसांसाठी मी चाळीस वर्षं भाकरी थापतेय, आणि या घरात कोण राहणार हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी जुडी खाली ठेवली आणि म्हटलं, विचार करून सांगते.

तिचा चेहरा पडला. मला दिसत होता. तरी मी उठले, हात धुतले, सावकाश पाणी प्यायले, गॅलरीत जाऊन उभी राहिले. ती स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं. लगेच हो म्हटलं असतं तर ते संपून गेलं असतं.

मग आत येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि तिला म्हटलं, पर्स ठेव आधी.

तुमची,
मथुरा